उरलेलं पुढच्या फलकावर

५ जानेवारी

फलक आले! चारही! टेम्पोतून उतरवताना खुद्द सेक्रेटरीसाहेबांनी हात लावला, यावरूनच काय ते समजावं. एरवी हा माणूस स्वतःची छत्रीसुद्धा दुसऱ्याला धरायला लावतो.

बस डेपोत नवे फलक बसले म्हणून हे जुने भंगारात चालले होते. काळ्या पाट्या, त्यांवर लाल दिव्यांची अक्षरं, एकेकावर जेमतेम दोन ओळी. क्लबच्या आवारात जोडून बघितले तेव्हा पहिल्यावर अजून 'गाडी उशिरा येत आहे' असंच उमटलं. आम्ही पोट धरून हसलो. आमच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या पायऱ्यांसमोर, पलीकडच्या कुंपणावर ते ओळीने बसणार. आणि त्यांवर उमटणार आमच्या बाबांचं समालोचन!

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघाली आहे. इथे स्वच्छ लिहून ठेवते, उद्या कोणी श्रेय लाटायला नको. बाबा कचेरीत टायपिस्ट होते, पण सगळे त्यांना ओळखतात ते माईककाका म्हणून. फुटबॉलचा सामना कुठलाही असो, वरच्या खोलीत माईकसमोर बाबाच. गोल झाला की त्यांचा तो लांबलचक 'गोऽऽल' पार बाजारापर्यंत ऐकू जायचा. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून बाबा पाटीवर लिहून बोलतात, आणि मैदानाकडे फिरकलेले नाहीत. बोटं मात्र शाबूत आहेत. लाह्या फुटाव्यात तशी चालतात.

तर बाबांनी टाइप करायचं आणि लोकांनी वाचायचं! फलकांबरोबर एक प्रोग्राम मिळाला आहे. त्यात चार चौकटी, एका फलकाला एक. चौकटीत लिहाल ते फलकावर दिसतं. शिवाय आपल्या सूचना लिहून त्याच्याकडून कामं करून घेता येतात, म्हणजे स्क्रिप्ट. मी छापखान्यात मजकूर मांडते. पाकिटांवर पत्ते आपोआप बसवायची स्क्रिप्ट मीच लिहिली आहे. तेव्हा हे म्हणजे माझ्या हातचा मळ.

सेक्रेटरीसाहेबांची अट अशी: १९ तारखेच्या सरावाच्या सामन्यात चालवून दाखवायचं, मग २ फेब्रुवारीला अंतिम सामना. जमलं तर समालोचनाच्या खोलीतली बाबांची खुर्ची बाबांची. नाही जमलं तर फलक जाहिरातींना, आणि खुर्ची कायमची त्या नव्या समालोचकाला.

आता एकच काम बाकी आहे. बाबांना सांगायचं.

६ जानेवारी

सांगितलं! गळ्याचा रुमाल सारखा करत बाबा ऐकत होते. मग पाटी ओढली आणि लिहायला लागले, 'मला तिथे लोकांसमोर'. मी लगेच म्हटलं, "कोणी तुमच्याकडे बघणार नाही हो बाबा! तुम्ही वर खोलीत, लोकांचे डोळे फलकावर."

बाबांनी खडू खाली ठेवला.

"अगं, त्यांचं लिहून व्हायचं होतं," आई म्हणाली.

"मला कळलं ना काय म्हणायचंय ते!"

आईने नुसतं बघितलं माझ्याकडे. बाबांनी पाटी पुसली आणि थोड्या वेळाने मान हलवली. हो म्हणाले! मला वाटलं होतं चार दिवस मिनतवाऱ्या कराव्या लागतील.

९ जानेवारी

हातचा मळ वगैरे लिहिलं होतं ना मी वर? ते वाचू नये कोणी.

स्क्रिप्ट लिहिली. साधा हिशेब केला की एका फलकावर अमुक इतकी अक्षरं मावतात, तितकी झाली की उरलेली पुढच्या चौकटीत टाक. तर अक्षरं काय एका मापाची असतात? 'र' आणि 'ग' अंग चोरून बसतात, 'ज्ञ' आणि 'क्ष' मांडी ठोकून. एका फलकावर निम्मी जागा रिकामी, दुसऱ्यावर मजकूर बाहेर. आणि जो बाहेर गेला तो गेलाच. फलकावर 'गोलीने चेंडू' एवढंच आलं, पुढे त्याने अडवला की सोडला की खाल्ला, देव जाणे.

छापखान्यात असं होत नाही. तिथे पुस्तकाच्या पानावर मजकूर ओसंडला की तो निमूट पुढच्या चौकटीत जातो. जोडून दिलेलं असतं. इथे या चार चौकटी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. शेजारी राहतात पण बोलत नाहीत, आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन जावांसारख्या.

मालकांनी आज मला दोनदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" कारण मी ओळी लावता लावता पुटपुटत होते.

११ जानेवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

मावशीकडे जायचं म्हणून आई बॅग भरत होती. एक साडी ठेवली, चेन ओढून बघितली. दुसरी ठेवली, चेन ओढली. तिसरीला चेन अडकली, म्हणून ती काढली आणि पिशवीत घातली. मी चमचा हातात घेऊन उभी. आईला म्हटलं, "आई, तू थोर आहेस!" ती म्हणाली, "इस्त्रीचा बोळा झालाय, थोर कसली."

अक्षरं मोजायचीच नाहीत! एकेक शब्द चौकटीत घालायचा आणि चौकटीलाच विचारायचं, बाई, तुझ्यातला मजकूर किती उंच झाला? चौकटीच्या उंचीत असेल तर घाल पुढचा शब्द. उंचीबाहेर गेला, तर शेवटचा शब्द काढून घे आणि दुसऱ्या चौकटीत टाक. दुसरी भरली की तिसरी, तिसरी भरली की चौथी. चौथीही भरली तर थोडं थांब, लोकांना वाचू दे, मग सगळ्या पुसून उरलेलं पहिलीपासून सुरू.

लिहिली स्क्रिप्ट आणि चालवली. घरच्या संगणकावर फलकांच्याच मापाच्या चार चौकटी काढल्या आहेत. त्यांत कुठला तरी जुना सामन्याचा वृत्तांत ओतला, आणि शब्द असे झरझर उतरले की मी खुर्चीवरून उठून नाचले. बाबा दारातून बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. आवाज गेल्यापासून बाबा असेच हसतात.

१२ जानेवारी

आज भोंगा घरी टपकला.

भोंगा म्हणजे नवा समालोचक. नाव मी ठेवलं आहे. औषधांच्या दुकानात असतो, दोन सामने बोलला बाबांच्या जागी, आणि आवाज असा की कुंपणावरचे कावळे उडावेत. बाबांच्या गळ्याला लागणाऱ्या मऊ पट्ट्या घेऊन आला. म्हणे मी येतच होतो इकडे. इकडे काय आहे? इकडे फक्त आमचं घर आहे!

मला कळत नाही का? कुठवर आलंय यंत्र, बघायला आला. बाबांशेजारी बसून राहिला तासभर. बाबा पाटीवर लिहितात आणि हा गप्प बसून बघतोय, पार शेवटपर्यंत, मग बोलतो. इतका वेळ लागतो त्याला वाचायला! आणि बाबाही इतकं लिहीत होते, पाटी भरून, पुसून, परत भरून. त्यांना कशाला एवढा ताण द्यायचा?

निघताना दारात मला म्हणाला, "काका केवढं मजेशीर लिहितात हो. तुम्ही वाचता ना सगळं?"

"मला न वाचता कळतं. घरची आहे मी," मी म्हटलं. तोंड बघण्यासारखं झालं त्याचं. चांगली जिरवली.

१५ जानेवारी

टीव्हीवर सामना लावला, आवाज बंद केला आणि बाबांना टाइप करायला बसवलं. काय बोटं चालली! मी तोंडात बोट घालून बघत राहिले. 'डाव्या बगलेवरचा गडी सुटला आहे, त्याला धरायला तिघे धावताहेत आणि तिघांचे बूट एकाच दुकानातले दिसताहेत.' हे बाबा! हेच ते!

पण घोटाळा. बाबा मध्येच एंटर दाबतात. अर्धं वाक्य झालं की दाबलाच एंटर. आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये एंटर म्हणजे 'पाठव फलकावर'. त्यामुळे अर्धं वाक्य आलं, पुसलं, दुसरं अर्धं आलं, पुसलं. चौकटी नुसत्या डोळे मिचकावत होत्या. "बाबा, एंटर नको! बाबा, परत दाबलात! बाबा!" मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, त्यांचा हात आहे तो. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटा वाजायची आणि ते दांडा ढकलायचे. जन्म गेला त्यात. ती घंटा अजून वाजते त्यांना. तू तुझं यंत्र बदल, त्यांना काय बदलतेस?"

बदललं. आता एंटर म्हणजे नुसती मोकळी जागा, आणि फलकावर पाठवायला कोपऱ्यातलं वेगळं बटण, त्यावर माझ्या नखांना लावायच्या रंगाचा लाल ठिपका. बाबा त्या ठिपक्यावर करंगळी अशी टेकवतात की जणू फार नाजूक वस्तू आहे.

रविवार काही येत नाही लवकर.

१९ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

सुरुवात झकास झाली. लाउडस्पीकर बंद, फक्त फलक. आधी लोकांना कळेना कुठे बघायचं. मग एकाने वाचलं, दुसऱ्याला कोपराने ढोसलं, आणि पायऱ्यांवरच्या माना डावीकडून उजवीकडे एकदम वळायला लागल्या. हसू आलं. टाळ्या आल्या. वर खोलीत मी बाबांच्या मागे उभी, माझे पाय जमिनीवर नव्हते. भोंगाही होता कोपऱ्यात, त्याच्याकडे बघून मी मुद्दाम हसले.

आणि मग गोल झाला. बाबांची बोटं धावली, लाल ठिपका दाबला. पहिल्या फलकावर आलं, 'आणि'. बस. मग चारही फलक काळे ठिक्कर. मी इकडून दाबते, तिकडून दाबते, काही नाही. संगणक ढिम्म. खाली खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारताहेत आणि समोर चार काळ्या पाट्या. लोक शिट्ट्या मारायला लागले. कोणीतरी ओरडलं, "गाडी उशिरा येत आहे!" आणि सगळ्या पायऱ्या खो खो हसल्या. ज्या मैदानावर बाबा बोलले की टाचणी पडली तरी ऐकू यायची, तिथे त्यांच्या तोंडावर हसले लोक.

बाबा उठले. रुमाल नीट केला आणि जिना उतरून चालायला लागले. मी मागे धावले. फाटकाशी थांबून त्यांनी भिंतीला टेकवून पाटीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिली. मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे धड दिसतही नव्हतं. वर लिहिलं होतं, 'आता मला'. पुढचं वाचायची माझी छाती झाली नाही. मी पाटी उलटी करून त्यांच्या हातात परत दिली आणि म्हटलं, "नाही बाबा, परत नाही आणणार मी तुम्हाला इथे. शब्द देते."

त्यांनी पाटी तशीच हातात धरली. मग आम्ही घरी आलो.

२० जानेवारी

सकाळी कामावर जाताना सेक्रेटरीसाहेबांना सांगून आले की बाबा अंतिम सामन्याला येणार नाहीत. ते म्हणाले, "बरं झालं तुम्हीच म्हणालात." रंगाच्या कंपनीची जाहिरात आधीच विचारून ठेवली होती त्यांनी, बघा!

केलं ते बाबांसाठीच केलं. त्यांना स्वतः सांगायला लागू नये म्हणून. तरी दिवसभर छापखान्यात ओळी चुकवत होते. मीच त्यांना घरातून उठवलं आणि मीच तोंडावर पाडलं.

२१ जानेवारी

माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही. मोठ्या अक्षरांत लिहायला हवं हे.

संध्याकाळी आईला सांगितलं की मी बाबांचं नाव काढून आले. आईच्या हातातला पेला खाली पडला. "कोणी सांगितलं तुला?" म्हणाली.

"बाबांनीच लिहिलं होतं ना पाटीवर! 'आता मला'..."

"पुढे काय लिहिलं होतं?"

"पुढे काय असणार? आता मला हे सहन होत नाही. आता मला परत आणू नकोस. दुसरं काय?"

आई आत गेली आणि बाबांची पाटी घेऊन आली. बाबांनी ती पुसलीच नव्हती. दोन दिवस तशीच कपाटावर पडून होती, आणि ते कागदावर लिहून भागवत होते. तिच्यावर लिहिलं होतं, 'आता मला सांग, कुठल्या शब्दाला अडलं? घरी जाऊन तेच परत टाइप करून बघू. मजा आली.'

मजा आली. मजा आली म्हणत होते बाबा! आणि मी त्यांना घरी बसवून आले!

"त्यांच्या तोंडचं निम्मं तूच बोलतेस," आई म्हणाली. रागाने नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं. "आवाज डॉक्टरांनी नेला. बाकीचं तरी राहू दे की त्यांच्याकडे."

मी रडले. भरपूर रडले, लपवून काय करू? मग डोळे पुसून बाबांच्या खोलीत गेले, पाटी त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "मी आत्ता वाचलं. मला माफ करा. कुठल्या शब्दाला अडलं ते बघू या, पण खुर्ची मी घालवून आले आहे." बाबांनी खडू उचलला. मी ओठ आवळून उभी राहिले. किती वेळ लागतो हो माणसाला एक वाक्य लिहायला! आणि काय लिहिलं असेल? 'आधी यंत्र. भांडण उद्या.'

संगणक लावला. बाबांनी रविवारचंच वाक्य टाइप केलं, आणि शेवटी तो शब्द. गोऽऽऽऽ करत बटणावर बोट दाबून धरलं, अगदी माईकपुढे श्वास संपेपर्यंत ओढायचे तसं. स्क्रीनच्या कडेला जाऊन शब्द थकला तेव्हा 'ल'. लाल ठिपका. पहिल्या चौकटीत 'आणि', मग काळोख. संगणक परत ढिम्म!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा शब्द कुठल्याही चौकटीत मावतच नाही! स्क्रिप्ट पहिलीला विचारते, मावतोय? नाही. दुसरीला विचारते, नाही. तिसरीला, चौथीला, नाही, नाही. मग सगळं पुसून परत पहिलीला, मावतोय? बिचारी तेव्हापासून दारोदार फिरतेय तो शब्द हातात घेऊन. एवढा मोठा शब्द कोणी लिहील असं माझ्या स्वप्नात नव्हतं. जन्मभर तो 'गोऽऽल' ऐकत मोठी झाले, आणि त्याच्यासाठीच जागा ठेवली नाही!

उपाय मात्र सोपा निघाला. शब्द रिकाम्या चौकटीतही मावला नाही, तर तो अक्षराअक्षराने ओतायचा. मावेल तेवढा इथे, उरलेला पुढे. चालवलं, आणि 'गोऽऽऽ' पहिल्या चौकटीतून निघाला, दुसरीतून वाहिला, तिसरी भरली आणि चौथीच्या टोकाला 'ल' जाऊन बसला. बाबांनी दोन्ही मुठी वर केल्या. आई दारातून म्हणाली, "बाजारापर्यंत जाईल हा."

२३ जानेवारी

सेक्रेटरीसाहेब ऐकेनात. "जाहिरात ठरली. आणि परत अडकलं तर? क्लबची अब्रू आहे." मी हात जोडले, आवाज चढवला, परत हात जोडले. काही उपयोग नाही.

तेवढ्यात भोंगा आला. मला वाटलं आता हा मिशीत हसणार. मिशी नाही त्याला, पण तरी. तो गळ्यावर हात ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "साहेब, माझा घसा बसलाय. अंतिम सामन्याला अर्धाच सामना बोलू शकेन. दुसऱ्या अर्ध्याचं काहीतरी बघा."

"काल तर ठणठणीत होतास!"

"अचानक बसला. औषधांच्या दुकानात असतो, मला कळतं त्यातलं."

सेक्रेटरीसाहेबांनी आम्हा दोघांकडे असं बघितलं की आता धक्के मारून बाहेर काढतात. मग म्हणाले, "दुसरा अर्धा. पण काळ्या पाट्या दिसल्या की लगेच जाहिरात."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "खोटं बोललात तुम्ही."

"हो," तो म्हणाला, चांगल्या खणखणीत आवाजात. "फलकांवर काकांनी लिहावं असं मी डिसेंबरातच साहेबांना म्हणालो होतो, तेव्हा ते हसले. मग तुम्ही यंत्र बनवताय असं कळलं."

म्हणजे कल्पना आधी याच्या डोक्यात आली होती? ५ तारखेला श्रेयाबद्दल जे लिहिलं आहे ते जरा अवघड झालं आता. असू दे.

२८ जानेवारी

रोज सराव चालू आहे. यंत्र एकदाही अडकलं नाही! फक्त एक गोष्ट मला खुपते. मजकूर चारही फलकांत मावला नाही की स्क्रिप्ट थांबते, मग पुसते, मग उरलेलं दाखवते. त्या थांबण्यात काही सेकंद जातात. मी ते कमी करत होते, तर बाबांनी माझा हात धरला आणि पाटीवर लिहिलं. मी पूर्ण वाचलं. 'तेवढं राहू दे.' मी पुढे काही येतंय का म्हणून वाट बघितली, पण काही नाही आलं. मुलीला वाईट वाटेल म्हणून ते माझ्या कामातल्या चुका पोटात घालतात, दुसरं काय.

नंतर मुद्दाम लांब लांब वाक्यं टाइप करत बसले, चौथी चौकट भरेल अशी. बोटांवर काहीतरी मोजत होते. असतात एकेक सवयी.

३ फेब्रुवारी

काल इतकं काही झालं की मी आज रजा टाकून लिहायला बसले आहे.

पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिला अर्धा भोंगा बोलला, शून्याला शून्य. मध्यंतरात बाबा वर आले. आईसुद्धा आली, ती या खोलीत पहिल्यांदाच. बाबांनी खुर्चीची उंची जुळवली आणि बोटं मोडली. समोरच्या चार काळ्या पाट्यांकडे बघून खालचा एक जण ओरडला, "आली का गाडी?" आणि हशा पिकला.

पहिल्या फलकावर उमटलं, 'गाडी आली आहे.' दुसऱ्यावर, 'ओरडणाऱ्याने तिकीट काढलं का?'

अहाहा! सगळं मैदान त्या माणसाकडे बघून हसत सुटलं, तोही हसला. तिथून पुढे बाबांनी लोकांना एका क्षणासाठीही सोडलं नाही. माना डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. गोलीच्या हातून चेंडू निसटून बाहेर गेला तेव्हा बाबा म्हणाले, 'त्याला आठवलं की दूध उतू गेलं.' सामना संपायला आला, तरी गोल नाही. आणि मग आमच्या मधल्या फळीतल्या बुटक्याने लांबून एक असा हाणला की जाळी फाटते की काय.

बाबांचं बोट बटणावर. लाल ठिपका. मी डोळे गच्च मिटले, खोटं कशाला बोलू? मग खालून आवाज यायला लागला म्हणून उघडले. पहिल्या फलकावरून 'गोऽऽऽऽ' निघाला होता, दुसऱ्यावरून धावत होता, आणि पायऱ्यांवरचे सगळेच्या सगळे लोक तो वाचत ओरडत होते! फलकावर लांबत गेला तसा त्यांच्या घशात लांबत गेला. चौथ्याच्या टोकाला 'ल' बसला तेव्हा सगळ्यांनी एकदम सोडला. खोलीची काच थरथरली. बाबांनी मान मागे टेकवली होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. आईच्याही. भोंगा तर नाक शिंकरत होता.

बक्षिसं झाली. सेक्रेटरीसाहेब धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "काका, दोन शब्द बोला लोकांशी."

बाबा टाइप करायला लागले. मी खिडकीशी गेले, कारण मला स्क्रीनवर बघायचं नव्हतं. लोकांबरोबर वाचायचं होतं.

पहिला फलक: 'मंडळी, आवाज गेला तेव्हा वाटलं'

दुसरा: 'आता बास. वाटलं ही खुर्ची'

तिसरा: 'या नव्या पोराला देऊन टाकावी'

चौथा: 'आणि आपण घरी बसावं. पण'

आणि फलक भरले. स्क्रिप्ट थांबली.

तुम्हाला सांगते, ते काही सेकंद! सगळं मैदान त्या 'पण'वर अडकून उभं. एक शिट्टी नाही, एक खोकला नाही. खेळाडूसुद्धा चषक तसाच हातात धरून फलकाकडे बघत होते. बाबांचा जुना आवाज असताना ते असंच करायचे, बोलता बोलता थांबायचे आणि लोकांना टांगून ठेवायचे. माझ्या ओठांवर दहा वाक्यं आली, 'पण' काय, बाबा? आईने माझा दंड धरला. धरायची गरज नव्हती. मी गप्पच होते. मागे वळून बघितलं तर बाबा हात मांडीवर ठेवून आरामात बसले होते आणि बोटांवर मोजत होते.

फलक पुसले गेले.

पहिला: 'पोरगं फार बडबड करतं.'

हशा. भोंग्याने कपाळावर हात मारला.

दुसरा: 'त्याला श्वास घ्यायला मध्ये'

तिसरा: 'कोणीतरी हवं. तेव्हा पुढच्या'

चौथा: 'मोसमापासून आम्ही दोघं.'

मग जो काही गलका झाला तो मला लिहिता यायचा नाही. सेक्रेटरीसाहेब म्हणत होते, "हे मला विचारलं नाही, हे मला कोणी विचारलं नाही," पण टाळ्याही वाजवत होते. भोंग्याने तिथेच मला विचारून घेतलं की स्क्रिप्ट शिकायला मंगळवारी आलो तर चालेल का. मी म्हटलं, या, पण मुद्द्याचं तेवढंच बोलायचं.

घरी येताना बाबा मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला मी. रस्त्यात लोक थांबवून बाबांचे हात हातात घेत होते. आई हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं का ग ते काय लिहिणार आहेत?"

नव्हतं. त्यातला एक शब्दसुद्धा मला आधी माहीत नव्हता.